साथ पुन्हा येईल तेव्हा : पुण्यातल्या सोसायटी कमिट्यांना खुलं पत्र

प्रति,
पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि समितीचे सर्व सदस्य यांस,

स.न.वि.वि.

साथीच्या काळातल्या मानसिक आरोग्याबद्दल पत्र लिहायचं तर ते महापालिका आयुक्तांना लिहावं, नाहीतर आरोग्यमंत्र्यांना, असं कुणीही म्हणेल. मी ते तुम्हाला लिहिते आहे, कारण २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत साध्या पुणेकराचं सरकार तुम्हीच होतात. २५ मार्च २०२० ला देश बंद झाला तो दिल्लीच्या आदेशाने. पण खाली उतरून पार्किंगमध्ये चालायचं की नाही, मावशींनी यायचं की नाही, पार्सल गेटवर किती वेळ उन्हात पडू द्यायचं, परगावाहून आलेल्या लेकीला माहेरच्या दारात उभं करायचं की नाही, हे सगळं तुमच्या कमिटीच्या ग्रुपवर ठरत होतं.

मी समुपदेशक आहे, सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीत राहते. त्या काळात दिवसाचे बरेच तास फोनवर लोकांशी बोलण्यात जायचे. फोन करणारी माणसं विषाणूबद्दल जेवढं बोलायची, त्याहून जास्त सोसायटीबद्दल बोलायची. ‘आजार काय, निभावून नेऊ हो, पण खाली कळलं तर?’ हे इतक्या जणांकडून ऐकलं की पुढे पुढे मी ताप किती आहे हे विचारायच्या आधी मजला कितवा हे विचारायला लागले.

आधी तुमच्या बाजूचं बोलते, कारण ते कुणी बोललं नाही. कमिटीचं काम बिनपगारी. त्यात शिव्या फुकट. तुमच्यापैकी अनेकांनी स्वतःच्या खिशातून ऑक्सिमीटर आणून ठेवले, शेतकऱ्यांशी बोलून भाजीचा टेम्पो थेट गेटवर आणला, रात्री दोन वाजता बेडसाठी फोन फिरवले. किती तरी सचिवांच्या घरी स्वतःचे आईवडील आजारी होते आणि तरी ग्रुपवर ‘लिफ्टची बटणं आज पुसली का?’ याला ते उत्तर देत होते. या माणसांची विचारपूस कुणी केली नाही. पुढच्या वेळी निदान एवढं करा, की सगळा भार एकाच माणसावर टाकू नका. आठवड्याला पाळी लावा आणि ज्याची पाळी नाही त्याला फोन बंद ठेवायची मुभा द्या.

आता नोटीस बोर्डाकडे वळते. तिथूनच बरंच काही बिघडलं.

एका सोसायटीत लागलेली नोटीस मला फोटो काढून पाठवली होती. मजकूर साधारण असा : ‘सर्व सभासदांस सूचित करण्यात येते की, सी विंगमधील फ्लॅट क्रमांक अमुक येथील कुटुंब पॉझिटिव्ह आढळून आले आहे. तरी सदर कुटुंबाशी कोणीही कसल्याही प्रकारचा संपर्क ठेवू नये. उल्लंघन करणाऱ्यास दंड आकारण्यात येईल. हुकुमावरून.’ फ्लॅटचा आकडा लाल मार्करने, त्याखाली दोन रेघा. ज्या बाईंनी फोटो पाठवला त्या त्याच फ्लॅटमधल्या. त्यांना खोकला कमी होता, झोप मात्र अजिबात नव्हती. रात्री गॅलरीत उभ्या राहिल्या की समोरच्या विंगमधले पडदे ओढले जातात, असं त्यांना वाटायचं. खरंच ओढले जात होते की नव्हते, मला माहीत नाही. असं वाटायला ती नोटीस पुरेशी होती.

हीच गोष्ट अशीही लिहिता आली असती : ‘सी विंगमध्ये एका घरी आजारपण आहे. घरची मंडळी काही दिवस घरातच राहतील. दूध, भाजी, औषधं आणि कचरा हे कमिटीतले अमुक बघणार आहेत. त्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी आम्ही स्वतः बोललो आहोत, महापालिकेला कळवलं आहे. लिफ्ट दिवसातून दोनदा पुसली जाईल. त्यांना फोन करायला कसलीही बंदी नाही. तब्येतीची चौकशी एकदाच करा, बाकी गप्पा मारा.’ यात काळजी घेण्यातलं काही कमी झालं का? संसर्ग टाळण्यासाठी जे करायचं ते सगळं यात आहे. गाळलंय ते फक्त कुटुंबाला चौकात उभं करणं.

हा नुसता चांगुलपणाचा मुद्दा असता तर मी एवढं लांबण लावलं नसतं. लाज वाटली की माणूस लपवतो, आणि लपवलं की रोग पसरतो. मला फोन करणाऱ्यांत असे होते, ज्यांनी अंगावर ताप काढला, पॅरासिटामॉल घेऊन खाली जाऊन आले, स्वॅब द्यायला मुद्दाम शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले, पत्ता नातेवाइकाचा दिला. त्यांना बेजबाबदार म्हणणं सोपं आहे. पण दाराला कागद चिकटण्याची भीती त्यांना न्यूमोनियाच्या भीतीहून मोठी वाटत होती, आणि ती भीती रोगाने आणली नव्हती.

पुण्याला तर हे नवीन नाही. १८९७ च्या प्लेगात रँडच्या अमलाखाली गोरे सोजीर घराघरांत घुसले, सामान रस्त्यावर फेकलं गेलं, माणसं उचलून छावण्यांत नेली गेली. परिणाम काय झाला? लोक रोगी लपवू लागले. पुढे २२ जूनला गणेशखिंडीत जे घडलं ते आपण शाळेत शिकलो, पण माळ्यावर, मागच्या खोलीत दडवलेले रोगी आपल्याला कुणी शिकवले नाहीत. त्याच साथीत सावित्रीबाई फुले दत्तक मुलगा यशवंतच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करत होत्या आणि १० मार्च १८९७ ला प्लेगनेच गेल्या. सोसायटीच्या सचिवाने सावित्रीबाई व्हावं अशी माझी मागणी नाही. रँड होऊ नये, एवढं बघा.

दुसरा मुद्दा मावशींचा.

कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर, औंध, कुठेही जा, प्रत्येक सोसायटीत दोन-चार घरं अशी असतात जिथे सत्तरीपुढचं एकच माणूस राहतं आणि मुलं न्यू जर्सीला नाहीतर सिडनीला. रविवारी व्हिडिओ कॉल होतो, तो छान होतो, आजी पावडर लावून बसतात. पण सोमवार ते शनिवार त्यांच्याशी बोलणारी व्यक्ती म्हणजे भांडी घासायला येणाऱ्या मावशी. ‘आज डोळे का सुजलेत?’ हे मावशीच विचारतात. गोळ्यांच्या डबीत सोमवारची गोळी बुधवारी तशीच दिसली तर ते त्यांच्याच लक्षात येतं. सरकारने घरकामाला मोकळीक दिल्यावरही कितीतरी सोसायट्यांनी मावशींना महिनोन्महिने गेटवरून परत पाठवलं. त्याच वेळी बागा बंद, टेकड्या बंद, बँकेत पासबुक भरायला जाणं बंद, कट्टा बंद. बाहेर पडायचं एकेक कारण गेलं की म्हाताऱ्या माणसाचा दिवस कसा विस्कटतो, हे मी फोनवर ऐकलं आहे. आधी दुपारची झोप वाढते, मग रात्रीची जाते. कुणासाठी करायचं म्हणून स्वयंपाक कमी होतो, चहा-बिस्किटावर भागतं. मग विसरभोळेपणा दिसू लागतो आणि मुलगा सिडनीहून विचारतो, ‘आईला डिमेन्शिया तर नाही ना?’ काही जणींना तो होता. काही जणींना फक्त कुणाशी बोलायला मिळत नव्हतं.

मावशींचंही मन असतं, हे वेगळं लिहावं लागतंय याचं वाईट वाटतं. पगार अर्धा मिळाला, काही ठिकाणी तोही नाही, आणि वर ‘वस्तीतून रोग येतो’ हे ऐकायचं. वॉचमन तर केबिनमध्ये अडकून पडलेला, गाव पाचशे किलोमीटरवर. नियम तुम्ही करायचे, ते तोंडावर सांगायचे त्याने, आणि लोकांचा संताप झेलायचा त्यानेच. पुढच्या साथीत कमिटीतल्या एकाने रोज दहा मिनिटं त्याच्याशी बसून बोलावं. हे मी अगदी गंभीरपणे सुचवते आहे.

मावशींना सरसकट बंदी करण्याऐवजी दुसरं काय करता येतं? एकट्या ज्येष्ठांची आणि आजारी माणसांची घरं आधी वेगळी काढा. अशा घरी एकच मदतनीस, मास्क, साबण, उघड्या खिडक्या आणि आजारी असल्यास भरपगारी सुट्टी. ही सुट्टी सगळ्यात महत्त्वाची, कारण पगार कापला जाणार असेल तर कुणीही खोकला दाबूनच कामावर येणार.

आणि भाडेकरू. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितलं की साथीच्या पहिल्याच वर्षात जगभरात चिंता आणि नैराश्य यांचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं, आणि सर्वांत जास्त झळ तरुणांना आणि स्त्रियांना लागली. तुमच्या सोसायटीत हे तरुण कोण? ज्यांना तुम्ही ‘बॅचलर’ म्हणता ते. स्पर्धा परीक्षेसाठी नांदेड-लातूर-बीडहून आलेली, एका खोलीत तिघं राहणारी, मेस बंद झाल्यावर मॅगीवर दिवस काढणारी मुलं. ११ मार्च २०२१ ला एमपीएससीची परीक्षा पुन्हा पुढे ढकलल्याचं कळलं आणि शास्त्री रस्त्यावर मुलं उतरली, तेव्हा अनेक सोसायट्यांच्या ग्रुपवर चर्चा होती ती गर्दीची. वय निघून चाललंय, घरी पैसे मागायला तोंड नाही, या गोष्टींची नाही. बऱ्याच ठिकाणी ही मुलं त्या ग्रुपवरही नसतात, कारण ती ‘सभासद’ नाहीत. म्हणजे पाणी कधी येणार, कोण आजारी आहे, मदत कुणाला मागायची, हे त्यांना कळायचा रस्ताच नाही. निदान साथीपुरता असा एक ग्रुप करा, ज्यात इमारतीत झोपणारं प्रत्येक घर असेल, मालक असो की भाडेकरू.

ग्रुपचा विषय निघालाच आहे तर तेही बोलून टाकते. जानेवारी २०२५ मध्ये आमच्या भागात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे नसांवर हल्ला करून हातपाय लुळे पाडणाऱ्या गियाँ-बारे सिंड्रोमचे, रुग्ण वाढले. हा आजार माणसाकडून माणसाला लागत नाही. संशय पाण्यावर होता, सल्ला पाणी उकळून प्यायचा आणि कच्चं-अर्धकच्चं न खाण्याचा होता. पण ग्रुपवर चार दिवसांत काय काय आलं! चिकन, पनीर, भात, लस, सगळ्यांवर आळ आला. पायाला मुंग्या आल्या म्हणून लोक मध्यरात्री कॅज्युअल्टीत जाऊन बसले. मुंग्या चुकीच्या मांडीमुळेही येतात, पण भीतीने रात्रभर जाग्या राहिलेल्या माणसाला हे कोण सांगणार?

त्याच दिवसांत आमच्याच रस्त्यावरच्या एका सोसायटीने वेगळं केलं. रोज संध्याकाळी सात वाजता एकच मेसेज. टाकी कधी धुतली, पाण्यात क्लोरीन तपासलं का, टँकर आज कुठून आला, महापालिकेने काय कळवलं. चार-पाच ओळी. बाकी वेळ ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिन लिहू शकत. तिथल्या एका आजोबांनी मला सांगितलं, ‘सात वाजता कळणार आहे म्हटलं की दिवसभर मोबाइल बघत नाही.’ मी घबराट कमी करण्यासाठी जे तासभर समजावते, ते या कमिटीने एका वेळापत्रकाने केलं. अनिश्चितता माणसाला पोखरते. वाईट बातमीसुद्धा ठरलेल्या वेळी, ठरलेल्या माणसाकडून, खरी कळली तर ती पचते.

याउलट ‘सकारात्मक राहा’ची पोस्टर्स आणि झूमवरची हास्ययोगाची बैठक यांनी, माझ्या अनुभवात, ज्यांना गरज नव्हती त्यांनाच बरं वाटलं. ठेवा हवं तर. पण खाली उतरून चालायला सकाळ-संध्याकाळ विंगनिहाय वेळा ठरवून दिल्यात तर योगाच्या दहा लिंकांपेक्षा जास्त उपयोग होईल. ऊन, चालणं आणि लांबून का होईना चार माणसं दिसणं, झोपेला याहून स्वस्त औषध नाही.

काही गोष्टी मात्र कमिटीला ओळखता यायलाच हव्यात, कारण त्या तुमच्या दारात घडतात.

दारूची दुकानं मार्च २०२० च्या अखेरीस बंद झाली आणि मे महिन्यात उघडली तेव्हा केवढ्या रांगा लागल्या, ते सगळ्यांनी पाहिलं. त्यावर विनोदही भरपूर झाले. पण रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, नसलेली माणसं दिसतात, फिट येऊ शकते. जीवही जातो. हा हट्ट नाही, नाटक नाही, ही रुग्णालयात न्यायची वेळ आहे. तसंच मानसिक आजाराची औषधं चालू असलेली माणसं. लॉकडाऊनमध्ये चिठ्ठी जुनी झाली, डॉक्टर भेटेना, केमिस्ट देईना म्हणून कितीतरी जणांच्या गोळ्या तुटल्या आणि सावरलेला आजार उलटला. यांची यादी करून बोर्डावर लावा असं मी चुकूनही म्हणणार नाही. एवढंच कळवा की ‘कुणाचीही, कसलीही नेहमीची औषधं आणायची असतील तर पाकीट बंद करून चिठ्ठी द्या, विचारणा होणार नाही.’

एखाद्या घरातून रोज रात्री आरडाओरडा ऐकू येत असेल, तर ‘त्यांचा घरचा मामला’ म्हणून टीव्हीचा आवाज वाढवू नका. काहीतरी निमित्त काढून बेल वाजवा, साखर मागा, मीटर बघायचाय म्हणा. धोका वाटला तर ११२. आणि कुणी ‘आता जगण्यात अर्थ नाही’ असं बोललं, तर विषय बदलू नका, प्रवचनही देऊ नका. ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात ती कल्पना येत नाही. ती आधीच असेल तर बोलायला वाट मिळते. तशा वेळी त्या माणसाला एकटं सोडू नका, घरच्यांना बोलवा. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन आहे, मोफत, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. लिफ्टमध्ये प्लंबर आणि केबलवाल्याचे नंबर लावता ना, त्यांच्या खाली हा लावा.

मला सर्वांत जास्त छळणारी गोष्ट दुखवट्याची आहे. एप्रिल-मे २०२१ मध्ये वैकुंठ स्मशानभूमीत रांगा होत्या. अनेकांना आपल्या माणसाचा चेहरा शेवटचा पाहता आला नाही. आपल्याकडे कुणी गेलं की लोक ‘भेटायला’ येतात. काय बोलावं कुणाला सुचत नाही, सतरंजीवर बसतात, तेच तेच विचारतात, ‘कधी झालं, कसं झालं’, आणि घरची माणसं तेच तेच सांगत राहतात. वरवर निरर्थक वाटतं. पण त्या दहा-वीसदा सांगण्यातूनच ते हळूहळू खरं वाटायला लागतं. शेजारून पिठलं-भात येतो, कुणीतरी न सांगता चहाचं बघतं. २०२१ मध्ये हे सगळं तुटलं. एका बाईंनी सांगितलं, नवरा गेल्यावर चौथ्या दिवशी दाराच्या कडीला कुणीतरी डबा अडकवून गेलं होतं. त्यात मऊ खिचडी होती. कुणी दिली ते कधी कळलं नाही, कारण नाव कळलं तर कमिटी ओरडेल अशी भीती देणाऱ्यालाही असणार. डबा अजून त्यांच्याकडे आहे, परत कुणाला द्यायचा?

पुढच्या साथीत डबा देणं हे चोरून करायचं काम राहू नये. कमिटीने स्वतः ठरवावं : या मजल्यावर दुःख झालं तर दहा दिवस जेवण कुठून जाईल, फोन कोण करेल, दारापासून लांब उभं राहून का होईना भेटायला कोण जाईल. शिवाय कागदपत्रं. मृत्यूचा दाखला, बँक, पेन्शन, विमा. कोविडने गेलेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपये सानुग्रह मदत होती, अर्ज ऑनलाइन. सत्तरीच्या विधवेने ओटीपी कुठून आणायचा? तुमच्या सोसायटीत तिशीतले आयटीवाले डझनाने आहेत, लावा त्यांना कामाला. त्यांनाही बरं वाटेल, हे अनुभवाने सांगते. साथीत ज्यांच्या हाताला दुसऱ्यासाठी काही काम होतं, ती माणसं तुलनेने सावरलेली होती. आणि सहा महिन्यांनी पुन्हा एकदा त्या घरी जा. दिवस झाले की लोक पांगतात, आणि खरा एकटेपणा तिथून पुढे सुरू होतो.

आता मागणी. सप्टेंबर संपायच्या आत तुमची वार्षिक सर्वसाधारण सभा होईल, चौदा दिवस आधी नोटीस निघेल. त्या विषयपत्रिकेवर ‘साथीच्या काळातली व्यवस्था’ असा एक विषय घ्या. आग लागली तर काय करायचं हे जिन्यात लावलेलं असतं, तसं एक पान आजच ठरवून ठेवा : नोटीस कशी लिहायची, रोजचा मेसेज किती वाजता आणि कोण टाकणार, एकट्या माणसांना कोण फोन करणार, मदतनिसांचा पगार कसा चालू राहणार. तापल्या डोक्याने हे ठरवता येत नाही, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. ठराव करा, सूचक-अनुमोदक घ्या, इतिवृत्तात नोंदवा.

फक्त तो विषय ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐन वेळी येणारे विषय’ यात ढकलू नका. पार्किंगच्या आधी घ्या. पार्किंग सुरू झालं की सभा कुठे जाते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

कळावे,
सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीची सभासद आणि समुपदेशक